व्हर्सायची कारंजी बंद का असतात? आणि पाणी नसलेल्या जागी राजवाडा बांधला तरी का?

रानजाई:

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मी, नवरा आणि सासूबाई एका टूरबरोबर पॅरिसला जाऊन आलो. त्यात व्हर्सायचा राजवाडा अर्धा दिवस. आरसेमहाल पाहिला, डोळे दिपले, फोटो झाले. पण मला खरी ओढ होती बागेची. बागेत उतरलो तर एक कारंजं चालू असेल तर शपथ. हौदात गारठलेलं पाणी आणि पुतळ्यांवर ताडपत्रीसारखी कापडं. सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे भरून झाकलेले देव बघायला आणलंत होय!"

गाइड हसून म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, राजाच्या काळातही ती बहुतेक वेळ बंदच असायची. राजा जवळ आला की सोडायचे, पुढे गेला की बंद करायचे.

हे खरं आहे की गाइड लोकांची नेहमीची फेकाफेक? आणि खरं असेल तर एवढ्या मोठ्या राजाला पाणी का मिळू नये? सेन नदी काही फार लांब नाही. नदीकाठी बांधायचा की वाडा!

नवऱ्याची वेगळीच शंका आहे, वाड्यात म्हणे संडासच नव्हते. त्यावरही कोणी प्रकाश टाका. सप्टेंबरमध्ये नणंदेकडे पुन्हा जाणं होणार आहे, तेव्हा काय बघावं तेही सांगा.

---

उपसा_सिंचन:

रानजाई, गाइडने फेकलेलं नाही. उलट निम्मंच सांगितलं.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यातली बरीचशी उपसा योजनांवर. मुलाकडे गेलो असताना त्याने व्हर्सायला नेलं, तेव्हा सूनबाई आरसेमहालात फोटो काढत होत्या आणि मी बागेत जमिनीतली झाकणं शोधत फिरत होतो. मला तो वाडा कळला तो असा खालून, पाइपांच्या बाजूने. उत्तरही त्याच अंगाने देतो. झुंबरांचं सांगणारे इथे पुष्कळ आहेत.

आधी जागा. तेराव्या लुईने १६२३ मध्ये तिथे शिकारीसाठी एक लहानसं घर बांधायला घेतलं. पुढे १६३१ ते १६३४ मध्ये ते पाडून विटादगडाची छोटी गढी केली. शिकारीच्या घराला पाणी लागून लागणार किती? माणसं, घोडी, कुत्री, झालं. भोवती जंगल आणि दलदल. दरबारातला ड्यूक सँ-सिमों याने पुढे लिहून ठेवलंय की इतकी उदास आणि करंटी जागा शोधून सापडायची नाही; ना देखावा, ना पाणी, ना धड माती. त्याचं राजाशी कधीच जमलं नाही, हे ध्यानात ठेवून वाचायचं. पण पाण्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता.

मग चौदाव्या लुईने तीच जागा का धरली? एक तर बापाचं घर, आणि शिकारीचा नाद. दुसरं म्हणजे पॅरिस त्याला नकोसं होतं. दहा वर्षांचा असताना फ्रोंदच्या बंडाळीत त्याला आईबरोबर रातोरात पॅरिस सोडून पळावं लागलं होतं. आणि तिसरं कारण, निव्वळ मत्सर. १७ ऑगस्ट १६६१ ला अर्थमंत्री फुके याने व्हो-ल-व्हिकोंत इथल्या आपल्या नव्या वाड्यात राजाला मेजवानी दिली. नाटक, दारूकाम, कारंजी, कशाला काही कमी नाही. राजाने ओळखलं की हा आपल्याहून थाटात राहतो. तीन आठवडे उलटायच्या आत फुके कैदेत. वाडा बांधणारा ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि बागवाला ल नोत्र या तिघांना राजाने व्हर्सायच्या कामाला लावलं. फुकेच्या बागेतली संत्र्याची झाडंसुद्धा उचलून आणली. फुकेच्या बागेत ओढा वळवून कालवा केला होता, तेवढा मात्र उचलून आणता येत नव्हता.

व्हर्सायला वाड्याच्या उत्तरेला क्लानी नावाचं एक तळं होतं. त्यातून घोड्यांच्या रहाटाने पाणी उपसून वर टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने बागेत सोडायचं, ही पहिली योजना. बागेत थेटिस देवीची एक कृत्रिम गुहा होती. शिंपल्यांची नक्षी वगैरे. पाहुणे आत नक्षी बघत उभे असायचे आणि त्यांच्या डोक्यावर, गुहेच्या छपरावर, पाण्याची टाकी असायची. ही युक्ती मला फार आवडली. पाणीपुरवठ्याचं काम लपवायचं कसं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१६६८ पासून तो लांबलचक ग्रँड कॅनाल खणायला घेतला. लांबी साधारण १६७० मीटर. राजाने त्यात व्हेनिसहून गोंडोला आणि नावाडी आणले, त्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. पण तो बागेतला सगळ्यात खालचा बिंदू आहे. वरच्या कारंज्यांचं वाहून गेलेलं पाणी तिथे गोळा व्हायचं आणि पवनचक्क्या व घोड्यांच्या पंपांनी पुन्हा वर चढवलं जायचं. म्हणजे पाण्याचा पुनर्वापर, सतराव्या शतकात. आणि तरीही पुरत नव्हतं, कारण राजा दर दोन-चार वर्षांनी नवी कारंजी मागायचा. लाभक्षेत्र वाढवत न्यायचं आणि साठा तेवढाच, हे दुखणं मी जन्मभर पाहिलंय.

म्हणून मंत्री कोल्बेरने नियम घातला. वाड्याच्या खिडक्यांतून दिसणारी कारंजी त्यातल्या त्यात जास्त वेळ चालू ठेवायची. बाकीची राजा जवळ आला की सोडायची आणि तो दिसेनासा झाला की बंद. झुडपांआड पाणी सोडणारे कामगार उभे असायचे आणि एकमेकांना शिट्टी मारून इशारा द्यायचे. आपल्याकडे पाटकरी चारीवर पाळी सोडतो, अगदी तसंच. फरक इतकाच की इथे शेतकरी एकच.

आणि राजाला हे माहीत होतं बरं का. त्याने स्वतः 'बाग कशी दाखवावी' अशी एक टिपणवजा वाट लिहून ठेवली होती. इथून निघा, इथे थांबा, मागे वळून अमुक बघा. १६८९ पासून तिचे निरनिराळे खर्डे मिळतात. लोक ती त्याची रसिकता म्हणून वाचतात. मी वाचली तेव्हा मनात आलं, हे पाणी-पाळीचं वेळापत्रक आहे. पाहुणे ठरल्या वाटेने गेले नाहीत तर पुढची झडप उघडणार कोण?

सेन नदीचं नंतर लिहितो. नातवाला शाळेतून आणायची वेळ झाली.

---

चहाटळ:

फ्रान्सचा सम्राट आणि पाणी पाळीने! आमच्या सोसायटीला आता जरा बरं वाटतंय. :)

---

चौकस_चिंतू:

उपसाकाका, पुढचं येऊ द्या. एक प्रश्न: दोन हजार कारंजी होती असं कुठेतरी वाचलंय. आता किती आहेत?

---

उपसा_सिंचन:

चिंतू, कारंजी वेगळी आणि पाण्याच्या धारा वेगळ्या. एका हौदात पंचवीस-पन्नास धारा असतात, नेपच्यूनच्या हौदात तर ९९ आहेत. चौदाव्या लुईच्या भरात धारांची संख्या दोन हजारांवर होती, असं सांगतात. आज साधारण सहाशे. हौद पन्नासेक.

आता सेन. रानजाई, नदी लांब नाही हे बरोबर. बूजिव्हालजवळ सेनचं वळण वाड्यापासून सात-आठ किलोमीटरवर येतं. पण नकाशात चढ दिसत नाही. नदी खाली दरीत आणि व्हर्साय वर पठाराच्या अंगाला. मधली टेकडी ओलांडायची तर पाणी जवळजवळ १६० मीटर उचलायला हवं. आजचा एखादा बरा पंप हे काम करेल. १६८० मध्ये ना वीज, ना वाफ.

हे काम अंगावर घेतलं लिएजकडच्या (आजचं बेल्जियम) दोघांनी. आर्नोल्ड द व्हिल हा बोलका, दरबारात वजन असलेला. रेनकँ स्युआलेम हा सुतारकाम आणि खाणीतले पंप जाणणारा कारागीर. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, असं सांगतात. श्रेय कोणाला मिळालं, हे विचारू नका. लिएजकडे कोळशाच्या खोल खाणी होत्या, त्यातलं पाणी उपसायची विद्या तिथे पिढीजात. तीच त्यांनी इथे लावली.

१६८१ मध्ये काम सुरू झालं आणि जून १६८४ मध्ये राजाच्या समोर यंत्र चालू केलं. नाव 'मार्लीचं यंत्र'. नदीत बांध घालून प्रवाह एका अंगाला वळवला आणि त्यावर १४ पाणचक्क्या बसवल्या. एकेका चाकाचा व्यास जवळपास १२ मीटर, म्हणजे चार मजली इमारत. ही चाकं मिळून दोनशेहून जास्त पंप चालवायची.

आता यातली खरी गंमत, जी गाइड सांगत नाहीत. पाणी एका दमात वर का नाही नेलं? १६० मीटर उंची म्हणजे तळच्या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला सोळा किलो दाब. त्या काळचे सांधे आणि पंपातले चामड्याचे वायसर एवढ्या दाबाला फाटले असते. म्हणून तीन टप्पे केले. नदीपासून पहिल्या हौदापर्यंत, तिथून दुसऱ्यापर्यंत, तिथून टेकडीवरच्या मनोऱ्याच्या माथ्यावर. तिथून पुढे लुव्हसिएनच्या कमानींच्या जलसेतूवरून उताराने.

पण मधल्या दोन टप्प्यांवर पंप चालवायला ताकद कुठून आणायची? चढावर नदी नाही. तर खालच्या चाकांनाच लांबच लांब लाकडी-लोखंडी दांड्या जोडल्या आणि त्या टेकडीच्या अंगावरून वरपर्यंत नेल्या. चाक फिरलं की दांडी पुढे-मागे, तिला जोडलेली पुढची दांडी पुढे-मागे, अशी शेकडो मीटरची साखळी. प्रत्येक सांध्यावर घर्षण, प्रत्येक सांध्यावर ढिलाई. नदीतून मिळालेली ताकद अर्ध्याहून जास्त त्या दांड्या हलवण्यातच खर्ची पडत असणार. आवाज तर असा की कोसावर ऐकू जायचा. यंत्राजवळ एक टुमदार बंगली होती, ती पुढे पंधराव्या लुईने आपल्या प्रेयसीला, मादाम द्यु बारीला, दिली. भेट मिळाली आणि रात्रंदिवस करकर फुकट.

एवढं करून पाणी मिळायचं दिवसाला तीनेक हजार घनमीटर, तेही सगळं धड चालू असलं तर. चालू नसायचंच. दांडी तुटली, वायसर गेला, नदीला पूर आला, बर्फ झालं, लाकूड कुजलं. साठेक माणसं कायम दुरुस्तीवर. आणि मिळालेल्या पाण्यातही वाटेकरी होता. राजाने मार्लीला दरबारापासून दूर आपल्यासाठी दुसरा वाडा बांधला होता. तिथेही बाग, तिथेही कारंजी. पाण्याचा मोठा हिस्सा तिकडेच जाऊ लागला. ज्या व्हर्सायसाठी एवढा खटाटोप केला ते शेपटालाच, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला असावं तसं, राहिलं. शेपटाला पाणी पोचत नाही, हे वाक्य मी किती बैठकांत ऐकलं असेल!

असं असूनही ते यंत्र १८१७ पर्यंत, म्हणजे एकशे तीस वर्षांहून जास्त, रडतखडत चाललं. ज्या सुताराला लिहिता येत नव्हतं, त्याच्या कामाला माझा दंडवत.

---

सेनकाठची_सई:

मी पॅरिसजवळच राहते. उपसाकाका, तुमच्या लुव्हसिएनच्या कमानी अजून उभ्या आहेत, आम्ही रविवारी तिकडे फिरायला जातो. आता पाणी नाही त्यांच्यावर, पण बांधकाम शाबूत आहे. यंत्राच्या जागी मात्र आता फार काही शिल्लक नाही. सिस्ले या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकातल्या, नंतर बांधलेल्या यंत्राची चित्रं काढली आहेत, ती जरूर बघा.

आता संडासाबद्दल. रानजाई, नवऱ्याला सांगा की ही अर्धी खरी अफवा आहे. भोक पाडलेल्या खुर्च्या आणि खाली भांडं, अशी व्यवस्था खोल्याखोल्यांत होती आणि नोकर ती साफ करायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी सार्वजनिक शौचकूपही होते. पण वाड्यात राबता हजारोंचा, त्यामुळे जिने आणि कोपरे घाण व्हायचे, वास यायचा, अशा तक्रारी त्या काळच्या लिखाणात आहेत. पंधराव्या लुईच्या काळात पाण्याने धुऊन जाणारे 'इंग्रजी पद्धतीचे' संडास आले, पण ते राजघराण्यातल्या मोजक्यांनाच. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिचा तर आजही दाखवतात.

आणि 'चौदावा लुई अंघोळच करत नसे' हेही ऐकायला मिळतं. त्याने तळमजल्यावर स्नानगृहांची अख्खी रांग बांधून घेतली होती, त्यात एकाच दगडातून कोरलेला संगमरवराचा अष्टकोनी टब होता. तो टब आता संत्र्यांच्या झाडांच्या इमारतीत ठेवलाय. रोज वापरायचा की नाही, ते वेगळं.

---

चौकस_चिंतू:

सईताई, म्हणजे कारंज्याला पाणी आहे आणि संडासाला नाही. प्राधान्यक्रम ठरलेला होता तर!

मला खर्चाचं कुतूहल आहे. जनतेने हे सहन कसं केलं?

---

उपसा_सिंचन:

चिंतू, सहन केलं असं म्हणायचं, दुसरं काय. दरबारी दांजो रोजनिशी लिहायचा, त्यात १६८५ मध्ये व्हर्साय आणि आसपासच्या कामांवर ३६,००० माणसं असल्याची नोंद आहे. दरबार ६ मे १६८२ लाच तिथे कायमचा राहायला आला होता, म्हणजे राजा-राणी, उमराव राहतायत आणि शेजारी गवंडी भिंत चढवतायत. मजूर किती मेले, याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. त्या काळची पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये हिने १६७८ च्या एका पत्रात लिहिलंय की रोज रात्री मेलेल्या मजुरांनी भरलेल्या गाड्या बाहेर काढतात.

पण पाण्यापायी सगळ्यात जास्त माणसं खर्ची पडली ती दुसरीकडेच, आणि ती गोष्ट व्हर्सायच्या तिकिटात येत नाही.

आधी चांगलं सांगतो. मार्लीच्या यंत्राआधीपासून एक दुसरी योजना चालू होती. आसपासच्या पठारांवर तलाव बांधायचे, पावसाचं पाणी चाऱ्यांनी गोळा करायचं आणि उताराने व्हर्सायला आणायचं. यात उपसा शून्य. फक्त लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाची मोजणी, अचूक हवी. ती घेतली आबे (म्हणजे पाद्री) पिकारने. हा खगोलशास्त्रज्ञ, दुर्बिणी लावलेलं लेव्हलचं यंत्र त्याने वापरलं. त्याआधी कालवे बांधणारा नामांकित रिके याने लुआर नदीचं पाणीच व्हर्सायला आणतो म्हणून राजाला भुरळ घातली होती. पिकारने १६७४ मध्ये लेव्हल घेऊन सांगितलं की लुआर खाली आहे, पाणी येणार नाही. काम सुरू होण्याआधी 'होणार नाही' असं राजाला तोंडावर सांगणारा माणूस! माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतला खरा नायक तो.

पठारावरच्या तलावांचं पाणी मात्र आलं. सँ-कांतँचा मोठा तलाव त्यातलाच. भरवशाचं पाणी व्हर्सायला मिळालं ते यातून, त्या अवाढव्य यंत्रातून नव्हे. पण तलावाचं चित्र कोण काढतो?

राजाचं तेवढ्याने भागेना. कोल्बेर १६८३ मध्ये वारला आणि बांधकामं लुव्ह्वाकडे आली. हा युद्धमंत्री. त्याने अर नदीची योजना पुढे रेटली. पोंगुअँजवळ अर नदी व्हर्सायच्या हौदांपेक्षा उंचावर आहे, हे लेव्हलमध्ये निघालं होतं. म्हणजे उताराने आणता येईल. अंतर कालव्याने ऐंशी किलोमीटरच्या घरात. १६८५ मध्ये काम सुरू. आखणी व्होबाँकडे, म्हणजे किल्ले बांधणारा फ्रान्सचा पहिल्या नंबरचा इंजिनिअर. मजूर म्हणून लष्कर लावलं, वीस ते तीस हजार शिपाई.

अडचण एकच, मँतनोंची दरी. वाटेत खोलगट आडवी येते. व्होबाँचं म्हणणं होतं, पाइप दरीत उतरवून पलीकडे पुन्हा चढवू, दाबाने पाणी आपोआप वर जाईल. स्वस्त आणि लवकर. राजा आणि लुव्ह्वा यांना हवा होता रोमन लोकांसारखा कमानींचा जलसेतू, तीन मजली, सत्तर मीटरहून उंच. दिसायला हवा ना! मी कागदावर व्होबाँच्या बाजूने किती वेळ भांडलो असेन, विचारू नका. आमच्याकडेही पाइप टाकून होणारं काम कोणाला तरी उद्घाटनाला बरं दिसावं म्हणून... जाऊ द्या.

दलदलीत खणता खणता शिपायांना हिवतापाने धरलं. हजारोंनी आजारी पडले, हजारोंनी मेले. जलसेतूचा खालचा मजला उभा राहिला आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू झालं. फौज सीमेवर गेली ती गेली. खजिन्यात खडखडाट असा की १६८९ मध्ये राजाने आरसेमहालातलं आपलं चांदीचं फर्निचर वितळवायला टाकलं. अरचं पाणी व्हर्सायला कधीच पोचलं नाही.

मँतनोंचा अर्धवट जलसेतू आजही त्याच नावाच्या वाड्याच्या बागेत उभा आहे. त्या वाड्याची मालकीण राजाची दुसरी बायको, मादाम द मँतनों. कमानींतून झाडं उगवलीत. मुलाला म्हटलं, व्हर्साय पाहिलं, आता त्याची थकबाकी दाखव. म्हणून तिथे नेलं त्याने. मला सबंध सहलीत ते सगळ्यात जास्त आवडलं.

---

मोडीवाचक:

उत्तम धागा. थोडं अवांतर, पण आपल्याशी संबंध असलेलं.

हा जो कोल्बेर कारंज्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवत होता, त्यानेच आबे कारे नावाच्या माणसाला हिंदुस्थानात पाठवलं होतं. कारे १६६८ ते १६७४ च्या दरम्यान दोनदा इकडे आला आणि शिवाजी महाराजांबद्दल त्याने भरभरून लिहिलं.

पुढे सोळाव्या लुईच्या वेळी १७७७ मध्ये सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नाना फडणिसांनी त्याची सरबराई ठेवली. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यातून जे घडलं ते वडगावच्या लढाईपर्यंत गेलं, पण व्हर्सायहून फौजफाटा काही आला नाही. टिपूने तर आपले तीन वकील थेट व्हर्सायलाच धाडले. १० ऑगस्ट १७८८ ला लुईने हर्क्युलस दालनात त्यांची भेट घेतली. पाहुणचार झाला, मदत नाही. वर्ष-सव्वा वर्षात, ६ ऑक्टोबर १७८९ ला, पॅरिसच्या बायकांचा मोर्चा राजाला व्हर्सायहून घेऊन गेला तो कायमचाच.

आणि आरसेमहालात २८ जून १९१९ ला पहिल्या महायुद्धानंतरचा जो तह झाला, त्यावर हिंदुस्थानच्या वतीने बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची सही आहे. तो फोटोतला महाल निव्वळ आरशांपुरता बघून येऊ नका.

---

रानजाई:

मंडळी, काय सुरेख लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणतात, टूरवाल्यांपेक्षा या उपसाकाकांनाच पैसे द्यायला हवे होते.

आता सप्टेंबरचं सांगा. कारंजी कधी बघायला मिळतील? आणि ते मँतनों सासूबाईंना झेपेल का?

---

सेनकाठची_सई:

वसंतापासून शरदापर्यंत शनिवार-रविवारी कारंजी सोडतात, हंगामात काही मंगळवारीही. वेळा आधी संकेतस्थळावर बघून घ्या, कारण आजही दिवसभर चालू नसतात, ठरलेले तास असतात. त्या दिवशी बागेचं वेगळं तिकीट लागतं. सोमवारी वाडा बंद. मंगळवारी पॅरिसमधली बरीच संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे सगळी गर्दी व्हर्सायला लोटते. जमलं तर टाळा.

मँतनोंला मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्रच्या बाजूची गाडी मिळते. गाव लहान, वाडा स्टेशनपासून चालत. सासूबाईंना सावकाश जमेल.

---

उपसा_सिंचन:

सईने सांगितलंय त्यात एकच भर. कारंजी सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी एखाद्या हौदाच्या कडेला जाऊन थांबा आणि पाण्याकडे न बघता झुडपांकडे बघा. एक माणूस लांब लोखंडी किल्ली घेऊन येतो, जमिनीतलं झाकण उचलतो, किल्ली आत घालतो आणि दोन्ही हातांनी हळूहळू फिरवतो. एकदम फिरवली तर पाइपात धक्का बसतो. आधी नळीतून हवा फुसफुसते, मग गढूळसर थुंकल्यासारखं येतं, मग धार धरते आणि चढत जाते. ड्रॅगनच्या हौदातली धार २७ मीटर जाते, आणि ती पंपाने नाही. वर टेकडीवरच्या हौदांतून पाणी उताराने येतं, त्या दाबावर. खाली गेलेलं पाणी आता पंपाने परत वर नेतात, एवढाच बदल.

पाइप मात्र पुष्कळसे तेच आहेत. बिडाचे, फ्लँजला (पाइपाच्या टोकाच्या रुंद कडेला) फ्लँज लावून बोल्टांनी आवळलेले, चौदाव्या लुईच्या काळातले. एके ठिकाणी दुरुस्तीसाठी खड्डा उघडा होता, तिथे मी कठड्यावरून वाकून पाहिला. जाड, खडबडीत ओतकाम, बोल्ट गंजून फुगलेले आणि सांधा कोरडा ठणठणीत. मी मुलाला म्हटलं, याचा फोटो काढ. तो म्हणाला, बाबा, लोक आपल्याकडे बघतायत.

सासूबाईंना नमस्कार सांगा. लातोनाच्या हौदापाशी बसायला घ्या त्यांना, तिथून खालचा कालवा सरळ दिसतो आणि पायऱ्या उतरायला लागत नाहीत.